बॅटरी रोज नाही, अधूनमधूनच उतरते? मग चोर असा पकडायचा

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलण्याच्या ओघातले ‘अं’ आणि ‘हं’ तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच.)



तुमच्या व्हॉइस नोट्समधून एक प्रश्न सारखा येतोय. ‘दादा, गाडी चार दिवस मस्त चालते, पाचव्या दिवशी सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. धक्का मारला, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावली, की सुरू. गॅरेजला नेली की म्हणतात सगळं ओके आहे. मग पुन्हा आठ दिवसांनी तेच.’

रोज उतरणारी बॅटरी पकडणं सोपं असतं. अधूनमधून उतरणारी बॅटरी माणसाला वेड लावते. कारण आपण शोधायला जातो तेव्हा नेमका चोर घरी नसतो. आज आपण त्यालाच पकडणार आहोत. थोडा हिशोब आहे, पण पाचवीतल्या गुणाकारापलीकडचं काही नाही.

आधी टाकी समजून घेऊ

बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. बॅटरी म्हणजे ती टाकी. इंजिनला पट्ट्यानं जोडलेला अल्टरनेटर म्हणजे खालचा पंप, गाडी चालू असताना तो टाकी भरतो. सेल्फ मारणं म्हणजे सगळ्या फ्लॅटचे नळ एकदम सोडणं. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टरसुद्धा त्या दोन सेकंदांत शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो.

आता गाडी बंद असताना सगळे नळ घट्ट बंद हवेत. पण थोडं ठिबकणं चालतं. घड्याळ, सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर, अलार्म, इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळे झोपेतही थोडं थोडं पितात. साधारण २० ते ५० मिलीअँपिअर. एवढं गृहीत धरायचं.

हिशोब बघा. लहान गाडीत बऱ्याचदा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ३० मिलीअँपिअर ठिबकत असेल तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवरही जात नाही. निम्मी टाकी रिकामी व्हायला तीन आठवड्यांवर लागतात. पण एखादा नळ ४०० मिलीअँपिअरनं गळत असेल तर दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर गेले. म्हणजे दोन दिवसांच्या आत निम्मी टाकी साफ! आणि ४०० मिलीअँपिअर म्हणजे किती मोठी गोष्ट? ५ वॅटचा एक छोटा बल्ब. बस.

म्हणूनच गाडी रोज चालवणाऱ्याला ही गळती कळतच नाही. रात्रभर गळतं, सकाळी पंप भरतो. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की मात्र पितळ उघडं पडतं. ‘अधूनमधून’चं पहिलं कारण इथे आहे: गळती रोजची असू शकते, उभं राहणं अधूनमधून असतं. दुसरं कारण जास्त चिवट. तिथे गळतीच अधूनमधून होते.

टाकीची पातळी कशी बघायची?

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी व्होल्टवर ठेवा, लाल काडी प्लसला, काळी मायनसला. गाडी किमान चार-पाच तास बंद असली पाहिजे. आत्ताच बंद केली असेल तर १२.९ किंवा १३ दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल, पण तो वरवरचा फेस आहे. फेस बसू द्या, मग मोजा.

१२.६ च्या पुढे: टाकी भरलेली. १२.४: साधारण पाऊण. १२.२: निम्मी. १२.०: पाव. म्हणजे पूर्ण भरलेली आणि जवळपास रिकामी यात जेमतेम अर्ध्या व्होल्टचा फरक. म्हणून ‘बारा दाखवतंय, मग ठीकच आहे’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. बारा म्हणजे ठीक नाही.

मग गाडी चालू करून पुन्हा बघा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.७ च्या मध्ये आकडा यायला हवा. नव्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे एकदाच बघून निकाल देऊ नका. तिसरी तपासणी सेल्फ मारताना: त्या क्षणी व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल आणि बॅटरी भरलेली असेल, तर बॅटरी आतून म्हातारी झालीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर आधी ती गरम पाण्यानं आणि ब्रशनं साफ करा, नट घट्ट करा. यात अर्ध्या केसेस मिटतात असं म्हणणार नाही, पण इथून सुरुवात न करता पुढे जाऊ नका.

या तिन्ही परीक्षा पास झाल्या आणि तरीही गाडी अधूनमधून दगा देते? मग रात्री कुणीतरी करंट पितंय.

मामाच्या गाडीची गोष्ट

आता एक खरी केस सांगतो. माझे मामा कराडजवळच्या गावात राहतात. मामींचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, सोमवारी आणि गुरुवारी. सकाळी सहाचा नंबर, म्हणजे पाचला घर सोडायचं. त्या वेळेला गावात ना रिक्षा, ना धक्का मारायला माणूस. डायलिसिस चुकलं की शरीरात पाणी आणि पोटॅशियम साचत जातं. ते ‘उद्या जाऊ’ म्हणण्यासारखं प्रकरण नाही.

मामांची २०१२ ची हॅचबॅक. कधी मस्त सुरू व्हायची, कधी गुरुवारी पहाटे ठार. दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. गॅरेजवाल्यानं करंट तपासला, काही निघालं नाही. मामा मला म्हणाले, ‘अरे, तू पॉडकास्टवर जगाला शहाणपण शिकवतोस, जरा इकडे बघ की. मी आता बुधवारी रात्री झोपतच नाही. दोनदा उठून गाडी सुरू होते का बघतो.’

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, बॅटरीवर एक ब्लूटूथ मॉनिटर बसवला. काडेपेटीएवढी डबी असते, दोन वायरी प्लस-मायनसला लावायच्या. ती स्वतः नगण्य करंट घेते आणि दर काही मिनिटांनी व्होल्टेज नोंदवत राहते. बऱ्याच मॉडेलांत नोंद डबीतच साठते, फोन जवळ आला की आलेख मोबाइलवर येतो. दुसरी गोष्ट, मामांना एक वही दिली. गाडी उभी केली की एक ओळ लिहायची: वेळ, कुठे लावली, शेवटचं दार कोणतं उघडलं, चार्जरला काय लावलेलं होतं, गाडीत काय ठेवलं, पाऊस होता का.

मामा म्हणाले, ‘एवढं कशाला लिहायचं?’ म्हटलं, ‘मामा, रोग अधूनमधून येतो ना, मग डॉक्टर विचारतोच की काय खाल्लं होतं.’

तीन आठवड्यांत तीन वाईट रात्री सापडल्या. आलेख स्पष्ट होता: चांगल्या दिवशी रेषा जवळपास सपाट, वाईट दिवशी गाडी उभी केल्यापासूनच एकसारखी उतरती. मग वही उघडली. तिन्ही नोंदींत एकच गोष्ट समान होती: ‘व्हीलचेअर डिकीत’.

झालं होतं असं. मामी डायलिसिसहून थकून आल्या की व्हीलचेअर काढून त्यांना घरात न्यायचे, खुर्ची घरातच राहायची. पण ज्या दिवशी मामींना बरं वाटायचं त्या दिवशी त्या मामांचा हात धरून चालत आत जायच्या, आणि खुर्ची डिकीतच राहायची. घडी घातलेल्या खुर्चीचं चाक डिकीच्या दाराला आतून किंचित रेटत होतं. दार लागायचं, कुलूपही लागायचं, पण कुलपातला छोटा स्विच पूर्ण दाबला जायचा नाही. डिकीतला ५ वॅटचा बल्ब पेटलेलाच. वर पार्सल ट्रे, त्यामुळे बाहेरून उजेड दिसायचा प्रश्नच नाही. ही गाडी जुनी. दिवा राहिला तर ठरावीक वेळानं आपोआप विझवण्याची सोय तिच्यात नव्हती.

हिशोब लावा. सोमवारी दुपारी साडेअकरा ते गुरुवारी पहाटे पाच, म्हणजे साडेपासष्ट तास. गुणिले ०.४२ अँपिअर. साडेसत्तावीस अँपिअर-अवर. ३५ च्या बॅटरीत उरणार काय? मधे मंगळवारी मामा बाजाराला गेले तर टाकी थोडी भरायची आणि गुरुवारी गाडी सुरू व्हायची. म्हणून कधी हो, कधी नाही. आणि गॅरेजला नेताना खुर्ची घरी काढून ठेवलेली, मग तिथे दोष दिसणार कसा?

खात्री कशी केली? मोबाइलचा व्हिडिओ चालू केला, फोन डिकीत ठेवला, खुर्ची जशी असते तशी ठेवून दार लावलं. एक मिनिटानं काढून बघितलं: दार लागलंय आणि स्क्रीनवर लख्ख उजेड. खुर्चीची जागा बदलली, दाराचे रबरी बटण आणि स्विच बदलला. फार खर्च आला नाही. त्या दोन बॅटऱ्यांत मुळात काही दोष नव्हता. पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकाम्या होऊन त्या खराब झाल्या. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते.

आलेख वाचायला शिका

मॉनिटर लावला की आकृती बघून निम्मं निदान होतं.

गाडी उभी केल्या क्षणापासून एकसारखी उतरण: काहीतरी चालूच राहिलंय. डिकीचा दिवा, ग्लोव्ह बॉक्सचा दिवा, चिकटलेला रिले, नेहमी चालू असणाऱ्या सॉकेटमधला चार्जर.

बराच वेळ सपाट, मग मध्यरात्री अचानक उतरण किंवा पायऱ्या: कुणीतरी झोपेतून उठतंय. जीपीएस ट्रॅकर, पार्किंग मोडमधला डॅशकॅम, किंवा दाराचा स्विच ओला होऊन ‘दार उघडं आहे’ असं सांगतोय. पावसाळ्यात हे हमखास बघायला मिळतं. चावी न लावता उघडणारी गाडी असेल तर चावी कुठे ठेवता ते बघा. गाडी खिडकीखाली आणि चावी खिडकीतल्या खुंटीवर असेल तर काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

फेस बसल्यावर सुरुवातच १२.३ वरून: गळती शोधू नका, टाकी भरतच नाहीये. रोज दोन किलोमीटरची चक्कर, त्यात एसी आणि हेडलाइट. किंवा अल्टरनेटर, पट्टा, अर्थिंग यात काहीतरी.

रात्रभर १२.६ सपाट आणि सकाळी सेल्फला कोसळली: गळती नाही. बॅटरी किंवा टर्मिनल.

आता प्रत्यक्ष करंट मोजायचा

इथे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ऐका. अधूनमधूनच्या दोषात बॅटरीची वायर काढली की दोष पळून जातो. चिकटलेला रिले सुटतो, अडकलेला कॉम्प्युटर पुन्हा नव्यानं सुरू होतो आणि मीटरवर छान ३० मिलीअँपिअर दिसतात. म्हणून शक्य असेल तर वायर न काढता मोजा. त्यासाठी डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मिळतो, चिमट्यासारखा वायरभोवती धरायचा. घेताना डीसी आहे ना आणि मिलीअँपिअर दाखवतो ना, ते बघा. घरगुती वायरमनकडचे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात.

साधाच मल्टिमीटर असेल तर लाल काडी १० अँपिअरच्या भोकात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला आणि दुसरं मायनसच्या केबलला आधीच चिमट्यानं लावा, मग केबल उचला. म्हणजे करंट एक क्षणही तुटत नाही. मीटर असा मधे असताना इग्निशन चालू करायचं नाही, सेल्फ तर अजिबात नाही, मीटरचा फ्यूज उडेल. आणि काम झालं की लाल काडी परत व्होल्टच्या भोकात. ती तिथेच विसरून पुढच्या वेळी बॅटरीला लावलीत तर सरळ शॉर्ट होतो.

मग थांबा. गाडी बंद केल्यावर आतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत, अर्धा-पाऊण तास धरा. दार उघडं ठेवून काम करायचं असेल तर दाराची लॅच स्क्रूड्रायव्हरनं दाबून ‘बंद’ करा, म्हणजे गाडीला दार बंद आहे असं वाटेल. चावी लांब ठेवा. पहिल्या पाच मिनिटांतला आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही.

आकडा ५० च्या आत आला तर आत्ता चोर घरी नाही. मीटर काढा आणि वहीत लिहिलेली परिस्थिती पुन्हा तयार करा. तीच पार्किंग, तेच सामान, तीच ओल.

आकडा जास्त आला तर फ्यूज बॉक्सकडे. पूर्वी एकेक फ्यूज उपसायचे, पण फ्यूज काढला-घातला की झोपलेली सिस्टिम जागी होते आणि गोंधळ वाढतो. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच राहू द्या. त्याच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके दिसतात. मीटर मिलीव्होल्टवर ठेवून दोन काड्या त्या दोन ठिपक्यांना लावा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही. एखादा मिलीव्होल्ट जरी दिसला तरी त्या वाटेनं कुणीतरी पितंय. मग झाकणावरचा तक्ता बघून त्या फ्यूजवर काय काय आहे ते एकेक सोडवा.

सगळे फ्यूज शून्य, तरी करंट जातोय? मग अल्टरनेटरवर संशय. त्यातला डायोड गळका झाला की पंपातूनच पाणी उलटं वाहतं. इंजिन बंद असताना अल्टरनेटरच्या जाड वायरवर क्लॅम्प लावा, तिथे करंट जवळपास नसायलाच हवा.

शोधाची सुरुवात कुठून?

गाडीत कंपनीनंतर जे जे बसवलं त्यापासून. स्टिरिओ, डॅशकॅम, ट्रॅकर, रिमोट लॉक, खाली लावलेली निळी लाइट. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला दोन वायरी येतात: पिवळी कायम चालू, लाल फक्त चावी फिरवल्यावर. बसवणाऱ्यानं घाईत दोन्ही कायमच्या वायरीला जोडल्या की स्टिरिओ कधी झोपतच नाही. ओबीडी पोर्टमध्ये लावलेलं ते स्वस्त ब्लूटूथ यंत्रही काढून बघा. आणि उंदीर! बॉनेटखाली कुरतडलेली वायर पावसात ओली झाली की गळते, वाळली की गप्प.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, तुम्हीही सुटलेला नाही. मोठ्या बॅटरीबरोबर तुमच्या गाडीत बहुतेक वेळा १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, आणि ती उतरली की गाडी जागीच होत नाही. मात्र केशरी रंगाच्या जाड केबलांना हात लावायचा नाही, तसंच कोणत्याही गाडीत एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला. ते काम शिकलेल्या माणसाचं.

हाताची काळजी: अंगठी, कडं काढून ठेवा. वायर काढायचीच असेल तर आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. पान्हा प्लसला आणि बॉडीला एकदम टेकला तर ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ सिगारेट नको.

मेकॅनिकशी काय बोलायचं?

हे सगळं स्वतः करायचं नसेल तरी चालेल. पण गॅरेजला जाऊन ‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगू नका. असं सांगा: ‘बॅटरी भरलेली असताना १२.६ असते, चार्जिंग १४.२ येतं, दोन दिवस उभी राहिली की ११.८ होते, आणि हे पावसानंतरच होतं. वायर न काढता करंट मोजा आणि गाडी झोपेपर्यंत थांबा.’ रात्रभर गाडी ठेवायला सांगितलं तर ठेवा. आणि ज्या सामानासकट दोष येतो त्या सामानासकट द्या. मामांची खुर्ची घरी राहिली म्हणून दीड वर्ष गेलं.

नवी बॅटरी घेण्याआधी एवढं करा: वही, आलेख, करंट. चोर घरात असताना कुलूप बदलून उपयोग नसतो.

तुमच्या गाडीचा चोर कोण निघाला ते व्हॉइस नोटमधून कळवा. आलेखाचा स्क्रीनशॉट पाठवलात तर आणखी मजा येईल, पुढच्या भागात त्यातले दोन-तीन आपण मिळून वाचू. आणि आज रात्री गाडी लावल्यावर एक मिनिट काढा, फोनचा व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवून बघा.

भेटू पुढच्या गुरुवारी. गाडी सांभाळून चालवा!